अण्णांची कुठली वर्षं लिहायची?

अण्णांच्या वर्षश्राद्धाला चार पानांची एक छोटी पुस्तिका काढायची असं दादाने ठरवलं आणि मजकूर लिहून मला वाचायला दिला. चारातली साडेतीन पानं निवृत्तीनंतरच्या काळावर होती. एसटीतली चौतीस वर्षं चार ओळींत आटोपली होती : १९७१ साली वाहक म्हणून रुजू, २००५ साली निवृत्त, सेवा निष्कलंक. मला ते पटलं नाही. त्यावरून आमचं बोलणं सुरू झालं, रात्री जेवणापाशी थांबलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालं. दादाला विचारूनच ते इथे लिहिते आहे. वडील गेल्यावर त्यांचं नेमकं काय सांगायचं, यावर भावंडांचं एकमत होत नाही अशी घरं पुष्कळ असतील.

मी : दादा, चौतीस वर्षं आणि चार ओळी?

दादा : त्या चौतीस वर्षांत ते घरी किती होते ते आठव आधी. मुक्कामी गाडी. संध्याकाळी साडेपाचला पाटणच्या स्टँडवरून सुटायची, रात्री डोंगरातल्या शेवटच्या गावाला थांबायची, सकाळी खाली. एक दिवसाआड रात्र बाहेर. वर आषाढीला पंढरपूर, गणपतीत कोकण, दिवाळीत जादा गाड्या. लोकांचा सण तो त्यांचा हंगाम. मला पुस्तिकेत खोटं लिहायचं नाही. वडील म्हणून मला जे मिळाले ते २००५ नंतर मिळाले.

मी : मला आधीच मिळाले होते.

दादा : तू गाडीत होतीस. मी नव्हतो.

हे खरं आहे. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याच्या वेळी हायस्कूलसाठी त्याला कराडला मामाकडे ठेवलं होतं. रविवारी तो घरी यायचा तेव्हा अण्णा ड्यूटीवर असायचे, अण्णा सुट्टीवर असायचे तेव्हा हा कराडात. माझ्या वेळी आई म्हणाली, पोरीला लांब ठेवायची नाही, गाडीने जाईल. आणि तालुक्याच्या शाळेला जायची आमच्या गावची गाडी म्हणजे सकाळी डोंगरातून उतरणारी तीच मुक्कामी गाडी. जिच्यामुळे दादाचे वडील घराबाहेर राहिले, तिच्यातूनच मी एक दिवसाआड त्यांच्यासोबत शाळेला गेले.

दादा : मग सांग, गाडीत कसे होते? मला खरंच माहीत नाही.

मी : घरातल्यापेक्षा बोलके. घरी आले की थकलेले असायचे. गाडीत त्यांना प्रत्येकाचं सगळं माहीत. कुणाच्या म्हशीने दूध आटवलंय, कुणाच्या पोराचा मनिऑर्डरचा पैसा आला नाही, कुणाची सून माहेरून परत आली. सकाळच्या गाडीत पुढे दुधाच्या किटल्या, मागे आम्ही पोरं, मधे दवाखान्याला निघालेले. पुण्याला शिकणाऱ्या पोरांचे डबे असायचे, नाव लिहून दिलेले. खाली स्टँडवर पुण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे ते स्वतः नेऊन द्यायचे. एखादा डबा चुकला तर दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी त्याचीच चौकशी.

दादा : आणि तुझ्याशी?

मी : "पास दाखव." रोज. सगळ्यांना विचारायचे तसंच. पहिल्या दिवशी मला वाटलं चेष्टा करतायत. पास दप्तराच्या तळाशी होता, तो काढेपर्यंत ते समोर उभे राहिले. माझ्यापाशी सोडून दिलं असतं तर उद्या दुसऱ्या कुणाच्या पोराला अडवायला त्यांना तोंड उरलं नसतं. आणि लेकुरवाळी बाई चढली की पहिल्यांदा मला उठवायचे. तेव्हा राग यायचा. पण शाळेत कुणी मला "कंडक्टरची पोरगी" म्हणालं की ते मानाने म्हणायचं, हेही कळत होतं.

दादा : घरात त्यांनी मला कधी "पास दाखव" म्हटलं असतं तरी चाललं असतं मला.

यावर मला काही बोलता आलं नाही. मग मी त्याला सुट्ट्या पैशांचं सांगितलं, कारण ते त्याने पाहिलेलं नव्हतं. तेव्हा तिकीट छापील असायचं, पातळ रंगीत कागदाचं, दर किमतीचा गठ्ठा वेगळा, सगळे गठ्ठे पत्र्याच्या पेटीत ओळीने बसवलेले. सहा किलोमीटरचा एक टप्पा, टप्प्याप्रमाणे भाडं. पंचने तिकिटाला भोक पाडायचं, पैसे चामडी पिशवीत. सुट्टे नसले की वाहक तिकिटाच्या पाठीमागे देणं लिहून देतो आणि उतरताना माणूस ते मागून घेतो. पुष्कळ लोक विसरून उतरतात. अण्णांची रीत अशी होती की असं राहिलेलं देणं ते एका छोट्या वहीत लिहून ठेवायचे : गाव, माणूस, रक्कम. नाव माहीत नसेल तर खूण. "हिरवं लुगडं, कोंबडी, पंचाहत्तर पैसे." ती बाई पुढच्या बाजाराला चढली की तिच्या हातावर पंचाहत्तर पैसे. ती म्हणायची, राहू द्या भाऊ. ते म्हणायचे, माझ्या पिशवीत तुमचे पैसे जड होतात.

ती वही माझ्याकडे आहे. दादाला दाखवली. त्याने बराच वेळ चाळली, एका पानापाशी थांबला. तिथे १९८४ चा श्रावण होता आणि एकाच फेरीतली सात देणी.

दादा : याच श्रावणात मला टायफॉईड झाला होता.

मी : तुला वाटतंय ते मला समजतं.

दादा : नाही, तक्रार म्हणून नाही सांगत. लोकांचे पंचाहत्तर पैसे लक्षात ठेवणारा माणूस होता, हे मी मान्य करतो. पण तू ही वही छापशील, लोक वाचतील, डोळे पुसतील, आणि कराडला तापाने पडलेला पोरगा त्यात कुठेच नसेल. आई एकटी एसटीने माझ्याकडे आली होती. त्यांच्या गाडीने नाही, दुसऱ्याच्या.

मला त्या पावसाळी रात्रीचं सांगायचंच होतं. जुलै महिना, मी आठवीत. संध्याकाळची गाडी वर निघाली आणि आमच्या गावाच्या पुढे दोन वळणांवर दरड खाली आलेली. पाटण खोऱ्यातला जुलैचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला वेगळं सांगायला नको. समोरचा हात दिसत नव्हता. मी आधीच उतरले होते, पण गाडी परत गावात आली म्हणून आम्ही सगळे रस्त्यावर गेलो. वरच्या वाड्यांची शाळेची नऊ-दहा पोरं गाडीत अडकलेली. अण्णांनी ड्रायव्हरना गाडीत बसवलं, बॅटरी घेतली आणि पोरांना हाताला हात धरून रांगेत उभं केलं. कॅशची पिशवी खांद्याला, तिकिटांची पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून काखेत. ती दोन्ही वाहकाने अंगावेगळी करायची नसतात. दर वाडीच्या तोंडाशी थांबून पोरं मोजायची, उतरतील तेवढी वजा करायची, पुढे निघायचं. शेवटची मुलगी घरी पोचली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. परत येऊन ते गाडीतच झोपले, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, कारण गाडीत रोकड होती आणि ड्रायव्हर एकटे होते. सकाळी घरी येऊन चहा घेतला आणि पहिली चौकशी केली ती माझ्या वह्या भिजल्या का याची.

दादा : हे मला आईने सांगितलंय. तिच्या सांगण्यात आणखी एक गोष्ट असते, ती तू गाळलीस. त्या रात्री आजीला दम लागला होता. आई आजीच्या उशाशी बसून होती. गाडी दाराशी, आणि नवरा डोंगरात दुसऱ्यांची पोरं पोचवतोय.

मी : मग पोरांना तिथेच सोडायचं होतं?

दादा : नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही गेलो असतो. पण आईचंही लिही. त्यांच्या प्रत्येक चांगल्या रात्रीचा अर्धा भार आईने उचललाय. पुस्तिकेत "त्यांच्या पत्नीने मोलाची साथ दिली" एवढ्यावर ते सुटत नाही.

हे त्याचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. लोकांना जपणाऱ्या माणसांच्या आठवणी लिहिताना घरी जागत बसलेलं माणूस नेहमी अर्ध्या ओळीत जातं.

आता दादाच्या साडेतीन पानांबद्दल. ती वाचनीय होती, आणि त्यातलं बरंच मला नवीन होतं, कारण तोवर मी सासरी पोचले होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी अण्णा घरी बसले. ग्रॅच्युइटी आणि फंडातून घरावर स्लॅब पडला, माझ्या लग्नाचं राहिलेलं देणं फिटलं. पेन्शन १९९५ च्या योजनेतली. तिचा हिशेब असा की पगार कितीही असो, तेव्हा साडेसहा हजारांच्या वर धरायचा नाही, त्याला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागायचं. त्यांची योजनेखालची वर्षं जेमतेम दहा. आधीच्या चोवीस वर्षांसाठी जी ठरावीक रक्कम मिळते ती थोडकी. सगळं मिळून हजार-बाराशेच्या घरात. चौतीस वर्षं पै-पैचा हिशेब दिलेल्या माणसाने तो आकडा पाहिला, कागदाची घडी घातली आणि दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या निवृत्तांचे अर्ज भरायला बसले. दरवर्षी हयातीच्या दाखल्याच्या वेळी बँकेत चार-पाच म्हातारे अण्णांच्या मागे ठरलेले. कुणाचा अंगठा मशीनवर उमटत नसे. अण्णा त्याचा हात ओल्या रुमालाने पुसायचे, दुसरं बोट लावून बघायचे, पुन्हा रांगेत उभे राहायचे.

मी : हेच तर म्हणते मी. कंडक्टरच आहेत ते. बँकेत पण गाडी चालवतायत.

दादा : तू सगळं गाडीत नेऊन बसवतेस. भाकरीचं काय करशील? आईचा गुडघा बदलला तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट. त्याआधी त्यांना चहासुद्धा येत नव्हता. शेजारच्या काकूंकडे जाऊन पीठ मळायला शिकले. पहिल्या आठवड्यातल्या भाकऱ्या परातीतच मोडायच्या. चेहऱ्यावर पीठ, हाताला चटके. मी म्हटलं, डबा लावू. म्हणाले, "चौतीस वर्षं तिने दिली, तीन महिने मला देऊ दे." हे गाडीत नव्हतं, ताई. हे त्यांनी नव्याने केलं. तू म्हणतेस ते पहिल्यापासून असेच होते. मग या वयात त्यांनी जे शिकून घेतलं त्याला काही किंमतच राहत नाही.

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी बापाला एकसंध करू पाहत होते. दादाला तो बदललेला हवा होता, कारण तो बदल त्याने जवळून पाहिला होता आणि काही अंशी तो त्याच्यासाठीच झाला होता.

दादा : पुण्याला माझ्या धाकट्याला डेंगी झाला ते आठवतंय? मी फोन केला रात्री नऊला. पहाटे चारला ते दारात. रात्रीची मिळेल ती गाडी पकडून, बदलत बदलत आले. दवाखान्यात पोराच्या पलंगाशी बसून राहिले, त्याच्या प्लेटलेट्सचा आकडा रोज एका कागदावर लिहायचे. मी म्हटलं, अण्णा, झोपा आता थोडे. तर म्हणाले, "तुझ्या वेळी बसलो नव्हतो."

मी : हे पुस्तिकेत नाही.

दादा : ते मला म्हणाले. सगळ्यांना नाही.

इथे पहिल्या संध्याकाळचं बोलणं थांबलं. आई ताटं घेऊन आली, आणि आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी आईलाच मध्ये घेतलं. ती शेंगा फोडत बसली होती. दादाने त्याच्या मजकुरातलं एक वाक्य तिला वाचून दाखवलं, कुटुंबासाठी त्यांनी घरादाराचं सुख बाजूला ठेवून रात्रंदिवस कष्ट उपसले, अशा अर्थाचं.

आई : हे कुणी सांगितलं तुला?

दादा : म्हणजे? मुक्कामी ड्यूटी कोण हौसेने करतं?

आई : ते करायचे. मागून घ्यायचे. रात्रवस्तीचा भत्ता मिळायचा, ते आहे. पण भत्ता नसता तरी गेले असते. घरी दोन दिवस सुट्टी झाली की चुळबुळ सुरू. डोंगरातल्या त्या गावात देवळाच्या पडवीत अंथरूण टाकायचे, लोक पिठलं-भाकरी आणून द्यायचे, रात्री भजन. आवडायचं त्यांना. मला पहिली चार-पाच वर्षं राग होता. नंतर म्हटलं, दारू नाही, पत्ते नाहीत, गाडी आवडते तर आवडू दे.

दादा : तू हे कधी बोलली नाहीस.

आई : तू विचारलं नाहीस. तुला ते बिचारे वाटायचे.

यावर दादा बराच वेळ गप्प होता. माझीही पंचाईतच झाली, कारण माझ्या मनात त्या नोकरीची एक तपश्चर्या झाली होती. खरी गोष्ट आईने सांगितली ती होती : आमच्या वडिलांना त्यांचं काम मनापासून आवडत होतं. त्या पिढीतल्या गिरणीतल्या, रेल्वेतल्या, एसटीतल्या बापांबद्दल आपण लिहितो तेव्हा ते झिजले, राबले, खस्ता खाल्ल्या, असंच लिहितो. त्यांनी खस्ता खाल्ल्याच. पण सकाळी खाकी चढवून, बिल्ला लावून, पेटी उचलताना एखाद्याला बरंही वाटत असेल, त्याच्या हाताला ते काम साधत असेल आणि त्याचा त्याला आनंद असेल, हे मुलं लिहीत नाहीत. बापाने आपल्यासाठी सोसलं हे मुलांना ऐकायला बरं वाटतं. बापाला आपल्यापलीकडे काही आवडत होतं, हे पचायला जड जातं. मला वाटतं, माणसावर प्रेम असेल तर हेही लिहिलं पाहिजे.

दादा : म्हणजे ते आपण होऊन दूर राहिले.

आई : थोडे आपण होऊन, थोडे पोटासाठी. वेगळं काढता येतं होय ते?

दादा : आणि मग निवृत्त झाल्यावर?

आई : पहिले सहा महिने बेकार गेले. चारला उठायचे, अंघोळ करून बसायचे. मग जायचे स्टँडवर, कंट्रोलरच्या खिडकीशी बाकावर. कुठली गाडी लेट आहे ते मला येऊन सांगायचे. मी म्हणायची, मला काय करायचंय? एक दिवस म्हणाले, आता घरचं वेबिल लिहितो. तेव्हापासून ती वही.

ती वही दादाने नीट पाहिलेली नव्हती, घरखर्चाची म्हणून बाजूला ठेवली होती. ती वेबिलसारखी आखलेली आहे. छापील तिकिटांच्या काळात वाहकाला दर टप्प्याला कुठल्या गठ्ठ्याचं तिकीट कुठल्या क्रमांकापर्यंत संपलं ते लिहावं लागायचं. इथे सिलिंडर, तांदूळ, आईच्या गोळ्या यांचे तसेच सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे. समासात मात्र वाहकाच्या वेबिलात कधी नसतं ते : "आज नातवाने सायकल चालवली." "हिचा गुडघा बरा." "पहिली भाकरी फुगली." हे शेवटचं वाचून दादा आत निघून गेला आणि थोड्या वेळाने तोंड धुऊन आला.

दादा : ही वही छापायची.

मी : आणि माझी? हिरव्या लुगड्याची?

दादा : तीही. पण "घरादाराचं सुख बाजूला ठेवून" काढून टाकतो. त्याजागी लिहितो की त्यांना मुक्कामी गाडी आवडायची.

आई : आणि १ जूनचं लिहा. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला एसटीची पहिली गाडी गेली ना. हे १९४७ चे. दर एक जूनला म्हणायचे, मी गाडीपेक्षा एक वर्षाने थोरला. त्या पहिल्या गाडीचे कंडक्टर लक्ष्मण केवटे, त्यांचं नाव डेपोत नव्याने लागलेल्या पोरांना ते सांगत बसायचे.

शेवटच्या वर्षांतलं एक मी लिहायला सांगितलं, आणि त्यावर मात्र आमच्यात वाद झाला नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. अण्णा नुकतेच पंचाहत्तर पार केलेले. माझ्याकडे यायला निघाले तेव्हा मी सोबत होते. वाहक तरुण मुलगी होती, हातात तिकिटाचं यंत्र. अण्णांनी आधारकार्ड दाखवलं. गर्दी होती, ती म्हणाली, बाबा, बसा, तुमचं फुकट आहे. ते बसेनात. म्हणाले, "शून्याचं तिकीट निघतं ते दे. तुझी माणसं मोजली गेली पाहिजेत. उद्या तपासणीला कुणी चढलं तर तू अडचणीत." तिने यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं. ते त्यांनी दोन घड्या घालून वरच्या खिशात ठेवलं आणि उतरेपर्यंत त्या मुलीला तिची गाडी, तिचा पल्ला, रात्रवस्ती असते का, सगळं विचारून घेतलं. रात्रवस्ती असते असं ती म्हणाली तेव्हा त्यांनी विचारलं, "घरी मूल आहे?" ती म्हणाली, आहे, चार वर्षांचं. अण्णा म्हणाले, "मग जमेल तेव्हा दिवसाची मागून घे. मी घेतली नाही."

दादा : हे ते म्हणाले?

मी : म्हणाले.

दादा : हे छाप. हे मला म्हणाले त्याहून जास्त आहे.

पुस्तिका आता चाराची सहा पानं झाली आहे. आईच्या रात्रींसाठी एक परिच्छेद दादाने स्वतः लिहिला आणि तो चांगला उतरला आहे. दवाखान्यातलं वाक्यही त्याने अखेर घातलं. ड्रायव्हरकाका हल्ली मुलाकडे उंब्रजला असतात, त्यांना आणायला गाडी पाठवायची आहे. डोंगरातल्या त्या शेवटच्या गावाला निरोप कुणामार्फत द्यायचा, हे त्यांनाच विचारायचं ठरलं आहे. क्रमावर मात्र आमचं अजून जुळत नाही. मला गाडी आधी हवी, कारण ती आधी होती. दादाला भाकरी आधी हवी. तो म्हणतो, त्याने वडिलांना ज्या क्रमाने ओळखलं तोच क्रम खरा. छापखान्यात मजकूर सोमवारपर्यंत द्यायचा आहे.